लाल दिवा काय सांगतो?

मुलांनो, पाऱ्याचा थर्मामीटर तुम्ही पाहिला असेल. ताप आला की त्यातला पारा चढतो, आणि थर्मामीटर जोरात झटकला की तो खाली येतो. आता समजा, कुणाला १०२ ताप आहे. त्याच्या घरच्यांनी थर्मामीटर झटकला, पारा खाली आलेला पाहिला आणि ते म्हणाले, "चला, उतरला ताप!" तुम्ही हसाल ना? पारा उतरला म्हणून ताप थोडाच उतरतो?

पण गाडीच्या बाबतीत पुष्कळ शहाणीसुरती मोठी माणसं अगदी हेच करतात, बरं का!

गाडीच्या स्टिअरिंगसमोर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या आसपास लहान लहान दिवे असतात. त्यांतला एक लाल दिवा नीट बघा. एक गोल, गोलाच्या आत उद्गारचिन्ह आणि गोलाच्या दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा. हा ब्रेकचा दिवा. गाडी चालू असताना तो लागला, तर ब्रेककडे लक्ष द्या असा त्याचा अर्थ.

जुन्या गाडीत हा दिवा लागलेला दिसतो आणि आपण विचारतो, "हा का लागलाय?" उत्तर येतं, "अरे, तो तसाच असतो. गाडी जुनी झालीय ना!" कुणी वरून थोडं ब्रेक ऑइल ओततं आणि दिवा विझला की निश्चिंत होतं. कुणी तर त्याचा बल्बच काढून टाकतं! म्हणजे पारा झटकला, ताप मात्र तसाच राहिला.

आज आपण हा दिवा वाचायला शिकू. गाडी दुरुस्त करायची नाही, ते काम मेकॅनिककाकांचं. आपण फक्त रोग ओळखायचा. आई-बाबांनाही सोबत घ्या.

जुनी गाडी, सोपं कोडं

मारुती ८०० ही छोटी गाडी तुम्ही रस्त्यावर किंवा निदान चित्रात तरी पाहिली असेल. ती डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. तिच्या काळातल्या कितीतरी गाड्या आजही गावोगाव धावतात. अशा बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन बाजूंनी ब्रेक पॅड चिमट्यासारखे धरतात. ड्रम म्हणजे लोखंडी डबा. त्याच्या आतून लायनर बाहेर फाकतात आणि ड्रमला घासतात.

अशा जुन्या गाडीत दिवे थोडे आणि तारा मोजक्या. त्यामुळे तिच्या ब्रेकच्या दिव्याचं कोडं सोडवायला सोपं असतं.

आधी किल्ली फिरवा

पहिली तपासणी गाडी सुरू करण्याआधीची. मोठ्यांना सांगा, किल्ली एक टप्पा फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. धोक्याचे दिवे पेटले पाहिजेत. तेलाच्या किटलीचं चित्र, बॅटरीचं चित्र आणि आपला ब्रेकचा दिवा. मग इंजिन सुरू करा, हँडब्रेक पूर्ण खाली करा. आता हे दिवे विझले पाहिजेत.

असं का? कारण गाडी आधी दाखवते की माझे बल्ब शाबूत आहेत. काही जुन्या गाड्यांत ब्रेकचा दिवा हँडब्रेक ओढल्यावरच लागतो. म्हणून किल्ली फिरवलेली असताना हँडब्रेक ओढूनही बघा. तरीही दिवा पेटला नाही, तर खूश होऊ नका. बल्ब गेला असेल, फ्यूज उडाला असेल, तार तुटली असेल किंवा बल्ब कुणी मुद्दाम काढला असेल. आई-बाबा जुनी गाडी विकत घ्यायला निघाले असतील, तर ही तपासणी जरूर करा. एक मिनिटही लागत नाही.

दिव्यांच्या रंगांनाही अर्थ असतो. हिरवा किंवा निळा दिवा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे, एवढंच. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि आधी कारण शोधा. चौकातल्या सिग्नलची आठवण झाली ना?

करून बघा : दोन सिरिंज आणि एक नळी

दिवा काय सांगतो ते कळायला ब्रेक कसा चालतो ते कळायला हवं. त्यासाठी एक प्रयोग करू.

औषधांच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा. एक लहान, एक मोठी. वापरलेली सिरिंज मुळीच घ्यायची नाही. माशांच्या टाकीला लावतात तशी वीतभर नळी आणा. सिरिंज आणि नळी पाण्याने भरून नळीची दोन टोकं दोन सिरिंजना घट्ट बसवा. आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. बादलीच्या पाण्यात बुडवून जोडलं तर सोपं जातं.

आता लहान सिरिंजचा दट्ट्या दाबा. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या लगेच बाहेर सरकतो! मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ लहान दट्ट्याच्या चौपट असेल, तर त्याच्यावर जोरही जवळजवळ चौपट मिळतो. मात्र तो सरकतो पाव अंतर. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलचा नियम. पास्कल १६२३ साली जन्मला आणि अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. त्या वेळी मोटारी नव्हत्याच. पुढे १९२१ साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीच्या 'मॉडेल ए' या मोटारीच्या चारही चाकांना द्रवावर चालणारे ब्रेक बसवले गेले.

गाडीत लहान सिरिंजच्या जागी असतो मास्टर सिलिंडर. ब्रेकचं पेडल दाबलं की त्याचा दट्ट्या सरकतो. नळ्यांमधून दाब चाकांपर्यंत जातो आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. नळ्यांत असतं ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी ते इंजिनात घालतात तसलं तेल नव्हे. चुकून इंजिन ऑइल घातलं, तर ब्रेकमधले रबरी भाग फुगतात आणि निकामी होतात.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. नळीत थोडी हवा शिरू द्या आणि पुन्हा दाबा. काय झालं? दट्ट्या स्पंजासारखा मऊ लागतो आणि समोरचा उशिरा हलतो. पाणी दबत नाही, पण हवा दबते. तुमचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो. गाडीचं पेडल असं मऊ लागलं, तर समजायचं की नळीत बुडबुडा आहे. यालाच गॅरेजमध्ये 'ब्रेकने हवा धरली' म्हणतात.

एक दिवा, तीन कारणं

आता वळू आपल्या लाल दिव्याकडे. बहुतेक जुन्या गाड्यांत तो लागण्याची मुख्य कारणं तीन. ती एका पाठोपाठ एक तपासायची. सोपं आधी, अवघड नंतर.

पहिलं कारण, हँडब्रेक. तो अर्धवट वर राहिला असेल. दांडा पूर्ण खाली करा. दिवा विझला? प्रश्न सुटला. पण तसंच दोन-चार किलोमीटर आला असाल, तर मागचे लायनर घासून तापलेले असणार. थोडा वेळ थांबून त्यांना निवू द्या.

दुसरं कारण, ब्रेक ऑइल कमी झालं. बॉनेट उघडल्यावर मास्टर सिलिंडरच्या वर प्लॅस्टिकची छोटी डबी दिसते. तिच्यावर दोन खुणा असतात, वरची जास्तीत जास्त आणि खालची कमीत कमी. ऑइल खालच्या खुणेपाशी आलं की डबीतला तरंगता भाग खाली जातो आणि दिवा लागतो.

इथंच पुष्कळ लोक वरून ऑइल ओततात आणि मोकळे होतात. पण थांबा! ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. मग ते गेलं कुठे?

याची उत्तरं दोन. एक म्हणजे पॅड झिजले. पॅड पातळ झाले की त्यांना ढकलणारे दट्टे जास्त बाहेर येतात. त्यांच्यामागे वाढलेल्या जागेत ऑइल जातं आणि डबीतली पातळी उतरते. हे सावकाश, कित्येक महिन्यांत घडतं. म्हणजे दिवा सांगत असतो, "पॅड बघा." तुम्ही ऑइल ओतून दिवा विझवलात, तर पॅड पार संपेपर्यंत तो गप्प बसेल.

दुसरं उत्तर म्हणजे गळती. नळी, रबर किंवा सिलिंडर यांतून ऑइल झिरपतंय. मग पातळी काही दिवसांत, कधी काही तासांतच उतरते. चाकाच्या आतल्या बाजूला ओले ओघळ दिसतात, किंवा रात्रभर गाडी उभी केली तिथं जमिनीवर डाग पडतो. गळती असेल, तर गाडी हलवायची नाही. मेकॅनिकला जागेवर बोलवायचं.

एक खूण लक्षात ठेवा. कधी दिवा कायम लागत नाही. वळणावर, उतारावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकतो आणि सपाट रस्त्यावर विझतो. म्हणजे डबीतलं ऑइल खालच्या खुणेजवळ आलंय आणि गाडी कलली की हिंदकळतंय. दिवा लुकलुकतोय तोवरच गाडी दाखवली, तर काम थोडक्यात भागतं.

तिसरं कारण, तार किंवा स्विच बिघडला. हे सगळ्यात शेवटी मानायचं. हँडब्रेक खाली आहे, ऑइलची पातळी बरोबर आहे, पॅड आणि लायनर मेकॅनिकने डोळ्यांनी पाहिलेत, तरच म्हणायचं की दिवा खोटं बोलतोय. आणि तरीही तो दुरुस्त करायचा! कारण कायम लागलेला दिवा उद्या खरा धोका आला तर वेगळं काय सांगणार? लांडगा आला रे आला ही गोष्ट तुम्हाला माहीत आहेच.

२००० सालानंतरच्या काही गाड्यांत पिवळा एबीएसचा दिवाही असतो. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. हा पिवळा दिवा एकटाच लागला, तर साधा ब्रेक सहसा चालतो, पण चाक जाम होऊ शकतं. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले, तर मात्र गाडी बाजूला घ्यायची.

पाय, कान, नाक आणि डोळे

सगळे रोग दिव्याला कळत नाहीत. तो बिचारा दोन-तीन गोष्टीच बघतो. बाकीचं माणसानं ओळखायचं.

पायाला काय कळतं? पेडल मऊ लागलं तर हवा, हे आपण प्रयोगात पाहिलं. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बुडत गेलं, तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर झिजलंय. पेडल दगडासारखं कडक लागलं, तर पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर बिघडलेला असू शकतो. बूस्टर असलेल्या गाडीत ही तपासणी बाबा घरीच करू शकतात. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं. मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली किंचित खाली सरकलं की बूस्टर ठीक.

पेडल थरथरत असेल, तर डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका बाजूचा ब्रेक नीट लागत नाही किंवा चिकटतोय. पण त्याआधी टायरमधली हवा तपासा. एका टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी ओढते.

कानाला काय कळतं? पावसात भिजलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी थोडे खरखरतात. डिस्कवर रात्रीत गंजाचा पातळ थर आलेला असतो. दोन-चार वेळा ब्रेक लावला की आवाज जातो, काळजी नको. पण रोज चीं चीं वाजत असेल, तर पॅड झिजत आलेत. पुष्कळ पॅडना एक पातळ पत्री असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते! आणि खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर पॅड संपलेच. आता डिस्कही खराब होतेय. जे काम नुसत्या पॅडवर भागलं असतं, तिथं डिस्कचाही खर्च येतो.

नाकाला काय कळतं? जळकट वास. गाडी थांबल्यावर चाकाजवळून असा वास आला, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. चाकाला हात लावू नका, भाजेल. दुरूनच मोठ्यांना सांगा.

आणि डोळ्यांना? ऑइलचा रंग. नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळसर आणि स्वच्छ असतं. ते जुनं झालं की काळपट तपकिरी होतं.

घाटात खरी परीक्षा

तळहात एकमेकांवर जोरात घासा. गरम झाले? ब्रेकचंही तसंच आहे. धावणाऱ्या गाडीची गती घासून उष्णतेत बदलायची, एवढंच ब्रेकचं काम. गाडीचा वेग दुप्पट असेल, तर ही उष्णता चौपट होते आणि ब्रेक लागल्यावर थांबायला अंतरही चौपट लागतं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढं जाते. म्हणजे ब्रेक एक सेकंद उशिरा लागला, तर केवढा फरक पडतो बघा.

आता आंबेनळी किंवा कशेडीसारखा घाट डोळ्यांसमोर आणा. उतारच उतार. ड्रायव्हर सारखा ब्रेक दाबून ठेवतो. पॅड तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. 'डॉट ३' प्रकारचं नवं ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेतं. त्यात पाण्याचं प्रमाण ३.७ टक्के झालं, की उकळायची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा म्हटल्यावर आपल्या सिरिंजची आठवण झाली ना? पेडल एकदम मऊ होतं, खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

आणि गंमत म्हणजे, किंवा गंमत नव्हेच, अशा वेळी डबीतलं ऑइल भरलेलंच असतं. त्यामुळे लाल दिवा लागेलच असं नाही! म्हणून साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं. डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या माहितीपुस्तकात जे लिहिलंय, तेच घालावं. सीलबंद बाटलीतलं घ्यावं. उघडी राहिलेली बाटली ओलावा पिऊन बसलेली असते.

घाट उतरताना जुने ड्रायव्हर एक नियम पाळतात. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग इंजिनच गाडीला मागं खेचून धरतं आणि ब्रेकला उसंत मिळते. इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

समजा, ब्रेक लागेनासाच झाला तर? मोठ्यांसाठी सांगून ठेवते. घाबरून किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. पेडल भराभर दाबून सोडा, कधी कधी दाब पुन्हा मिळतो. गिअर एकेक करत खाली आणा. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. धोक्याचे दिवे लावा, हॉर्न वाजवा. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या नळ्यांच्या दोन वेगळ्या वाटा असतात, त्यामुळे एक वाट गेली तरी दुसरी निम्मा ब्रेक देते. मात्र पेडल खूप खाली जातं आणि थांबायला जास्त अंतर लागतं.

आता तुम्ही ओळखा

१. सरळ रस्त्यावर दिवा बंद, पण प्रत्येक वळणावर लुकलुकतो. ब्रेक नीट लागतो. काय झालं असेल?

२. किल्ली फिरवली, हँडब्रेकही ओढला. बाकीचे दिवे पेटले, ब्रेकचा मात्र पेटलाच नाही. गाडी विकणारा म्हणतो, "बघा, ब्रेक एकदम ओके!" तुम्ही काय म्हणाल?

३. लांब उतार उतरून आल्यावर पेडल मऊ लागलं. तासाभराने पुन्हा ठीक. दिवा लागलाच नाही. गाडी तशीच पुढं न्यावी का?

उत्तरं : १. ब्रेक ऑइल खालच्या खुणेजवळ आलंय. पॅड झिजलेत की गळती आहे ते तपासा, मगच ऑइल घाला. २. दिवा पेटायलाच हवा होता. बल्ब, फ्यूज आणि तार तपासल्याशिवाय काही खरं नाही. ३. नाही. बहुधा ऑइल उकळलं होतं. निवल्यावर वाफेचं पुन्हा द्रव झालं, पण पुढच्या उतारावर तेच होईल. ऑइल आणि ब्रेक दोन्ही दाखवून घ्या.

मुलांनो, डॉक्टरांकडे गेलात की ते आधी काय विचारतात? कधीपासून दुखतंय? सारखं दुखतं की मधूनमधून? मेकॅनिकलाही हेच हवं असतं. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, पण शेजारी आणि मागं बसलेले तुम्ही मोकळे असता. दिवा कधी लागला, वळणावर की उतारावर, आवाज कुठल्या बाजूने आला, हे एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद गॅरेजमध्ये द्या. काकांचा निम्मा वेळ वाचेल.

आणि आई-बाबांनो, मुलाने विचारलं, "हा लाल दिवा का लागलाय?" तर 'तो तसाच असतो' असं म्हणू नका. गाडी बाजूला घ्या आणि त्याच्याबरोबर कारण शोधा.